धूर दिसतो का?

शनिवार, ३ एप्रिल १९८२

पोस्टात टपालाच्या पिशव्या सील करायची लाख संपत आली. पुण्याला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. आता सील काय थुंकीने करू? उद्या रविवार, तेवढंच बरं.

दुपारी वरच्या वाडीचा सोपान आला. दर महिन्याला मुंबईच्या बहिणीला पत्र लिहून घेतो. स्वतःला लिहिता येतं, पण म्हणतो, "बाई, तुमचं अक्षर सरकारी हाय, तिला बरं वाटतं." मजकूर दर वेळी तोच. आमी खुशाल, म्हस गाभण हाय, तू कवा येतीस. आज तीन ओळी सांगून मध्येच उठला. दारातून डोंगराकडे बघत म्हणाला, "वारं पडलंय. सोमवारी राब भाजून घेतो, मग पुडचं सांगतो." महिनाभर फांद्या तोडून, पाला-शेण रचून ठेवलंय म्हणे भाताचं रोप टाकायच्या जागेवर. भाऊ दगडू आणि वाडीतले तिघे-चौघे मदतीला.

अर्धं पत्र माझ्या खणात.

हे उरवड्याच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट चौदा तारखेच्या जयंतीच्या मीटिंगला. जेवण झाकून ठेवलं. घर आठवतं तरी का माणसाला.

सोमवार, ५ एप्रिल

अक्षर नीट येत नाही. येऊ दे कसं येतं ते.

सोपान गेला. पोलिसांच्या गोळीने. राब भाजताना.

क्रमाने लिहिते, नाहीतर सुचणार नाही. १०.४० ला भाऊसाहेब पोस्टात आले. गावचे मोठे बागायतदार, मागचे सरपंच. सहसा गडी पाठवतात, आज स्वतः. "तालुक्याच्या ठाण्याला लावा बाई, अर्जंट." कॉलची चिठ्ठी भरली. त्यांचं नाव, ठाण्याचा नंबर, वेळ. जोडून दिलं आणि टेलिफोनच्या बोर्डावरची माझी कळ बंद केली. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम मी कधी मोडलेला नाही. ते फोनच्या खोक्यात दोन मिनिटं बोलले असतील. बाहेर आले, घाम पुसला, गेले.

११ च्या एस.टी.ने पिशवी गेली.

बाराच्या सुमारास डोंगराकडून आवाज. एक, मग लगेच दुसरा. राबात बांबू असला की पेरं अशीच फुटतात. मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

एकला वाडीची माणसं धावत आली. पोलीस म्हणत होते, ठाण्याला फोन आला होता की दरोडा पडलाय, पाच-सहा जण तोंडं बांधून कोयते घेऊन घरं पेटवताहेत.

तोंडं बांधली होती ती धुरासाठी. कोयते होते ते फांद्यांसाठी.

मंगळवार, ६ एप्रिल

ठाण्याचं म्हणणं गावभर पसरलं. अज्ञात इसमाचा फोन आला. आधी समोरून गोळीबार झाला. दगडूने कोयत्याने हल्ला केला. फौजदारांनी स्वसंरक्षणार्थ दोन फैरी झाडल्या. एक दरोडेखोर ठार, एक अटकेत.

समोरून गोळीबार! बांबूची पेरं. वाडीत बंदूक सोडा, धड सायकल नाही.

अज्ञात इसम म्हणे. इसमाचं नाव माझ्या अक्षरात, माझ्या टेबलावर, तारेत ओवलेल्या चिठ्ठ्यांत खालून चौथं आहे.

दगडूवर खुनाच्या प्रयत्नाचं कलम. भाऊ गेला आणि हा कोठडीत. सोपानच्या मातीला त्याला आणलं नाही.

बुधवार, ७ एप्रिल

ठाण्याचा हवालदार आला. पाणी मागितलं, दिलं. मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "सोमवारच्या फोनची चिठ्ठी असंल ना बाई? साहेबांनी बगायला मागितलीया."

"लेखी आणा."

"आवो, बगून परत देतो."

"लेखी."

गेला. मला गावात 'लेखीबाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणू देत.

तारेतून चिठ्ठी काढली आणि तिकिटांच्या पेटीत कुलपात ठेवली. नियमाने ती महिनाअखेरपर्यंत तारेतच राहायला हवी. नोकरीच्या बारा वर्षांत नियमाबाहेरचं हे पहिलं काम. अजून एक आहे, पण ते नियमातच होतं. असो.

गुरुवार, ८ एप्रिल

संध्याकाळी वरच्या वाडीला जाऊन आले. हौसा, सोपानची बायको, भिंतीला टेकून बसलेली. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, असं मनात आलं आणि स्वतःची लाज वाटली.

तिने सांगितलं ते तसंच लिहून ठेवते. "जीप खाली थांबली. वरडले कायतरी. धुरात दिसंना कोन हाय. बाकीची मानसं हुबी ऱ्हायली. ह्यो मातुर पळाला आगीकडं. वरच्या अंगाला आग सुटली हुती, तिकडं गवताच्या गंज्या. राब पेटल्यावर सोडून उबं ऱ्हातं का कुनी? डोंगर जाईल समदा. हातात कोयता तसाच. पाठीत घातली त्येंनी."

"पाठीत?"

"मी धुतलाय त्येला. मला ठावं न्हाई व्हय?"

मग म्हणाली, "फोन कुनी केला ते तुमाला ठावं हाय म्हनत्यात."

मी मानेने हो म्हटलं.

"मग सांगा की, बाई. डाकू म्हनत्यात त्येला. दगडूभावजी हाय आत."

हो म्हणाले.  सांगेन, चिठ्ठी दाखवेन, त्यात मला भीती नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

शुक्रवार, ९ एप्रिल

गुड फ्रायडेची सुट्टी. घरात कुणी नाही. लिहून टाकते, निदान वहीत तरी.

सोमवारी क्रमाने लिहिलं म्हणाले, पण एक पायरी गाळली. भाऊसाहेब गेल्यावर दहाएक मिनिटांनी बोर्डावर ठाण्याची घंटा वाजली. एस.टी. उभी होती, कंडक्टर हॉर्नवर हॉर्न देत होता, माझ्या एका हातात पेटलेली लाख. फोन कानाला लावला.

"पोस्ट का? मी फौजदार बोलतोय. तुमच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला धूर दिसतो का?"

मी खिडकीतून पाहिलं. सोपानचा राब पेटला होता.

"हो, दिसतो."

"नक्की?"

"अहो, स्पष्ट दिसतोय."

त्यांनी फोन ठेवला. मी सील मारलं.

एवढंच. 'राबाचा धूर आहे साहेब' हे चार शब्द. माझ्या डोक्यात आलेच नाहीत. एप्रिलात आमच्याकडे धूर कुठे नसतो? लहानपणापासून बघतेय. कशाचा, हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. फौजदार नवे, कोरडवाहू मुलखातले, भाताचं रोप कसं टाकतात हे त्यांनी कधी पाहिलेलं नसणार, हे मला कसं कळावं? आणि दरोड्याचं तर मला माहीतच नव्हतं.

पण 'का विचारता, साहेब?' एवढं विचारता आलं असतं. जगाला लेखी आणा, सही करा, शिक्का कुठाय म्हणून छळणारी मी, तेव्हा एक साधा प्रश्न विचारला नाही. का, तर एस.टी. निघाली होती.

विहारात आपण म्हणतो, मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. मी खोटं बोललेच नाही. मग घास का उतरत नाही?

रविवार, ११ एप्रिल

भाऊसाहेब घरी आले. आमच्या आळीत त्यांचे पाय पहिल्यांदाच लागले. ह्यांनी खुर्ची दिली. चहा ठेवला. त्यांनी अर्धाच घेतला, पण घेतला, हेही लिहायला हवं.

सहा दिवसांत म्हातारे झालेत. मला वाटलं होतं धमकी देतील. ते जमिनीकडे बघत बोलत होते.

"त्या उतारावरली झाडं माझी हायेत, बाई. दोन वर्सं तक्रारी देतोय, फांद्या तोडत्यात म्हनून. कोन येतंय का ठान्यातनं? झाडाच्या तक्रारीला जीप येत न्हाई. दरोडा म्हनलं तर येते. दोन फटके टाकतील, चार दिस आत बसवतील, एवढंच हुतं मनात. गोळी घालतील असं कुनाला वाटलं?"

मी त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला.

"ती चिठ्ठी फाडा, असं म्या म्हनत न्हाई. हरवली म्हना. कागुद हरवतो."

"माझ्याकडून हरवत नाही," मी म्हणाले.

ते उठले. दारात ह्यांना म्हणाले, "जयंतीची मिरवणूक हाय ना तुमची? माज्या दारावरनं जाती. जाऊ द्या, काय म्हननं न्हाई माजं."

आजवर म्हणणं नव्हतंच. तरी सांगून गेले.

सोमवार, १२ एप्रिल

ह्यांच्याशी भांडण. कडाक्याचं.

मिरवणुकीचा परवाना त्याच फौजदारांच्या सहीचा. अर्ज तीन आठवडे पडून आहे. कमिटीतले म्हणतात, तुमच्या घरातनं अडलंय. हे म्हणाले, "तू सरकारी माणूस. नोकरी जाईल. आपल्यातली एवढी शिकलेली एक बाई तालुक्यात, आणि तीच..."

"तीच काय?"

"तीच कशाला पुढं व्हायची? सोपानचं घर आपल्याला घागर शिवू देत होतं का कधी?"

सोपानची आई शिवू देत नव्हती, खरं. सोपान माझ्या हातचं पाणी प्यायचा. पोस्टात माठ आहे, तिथून तांब्या मीच भरून द्यायची.

मग मी ह्यांना धुराचं सांगितलं. पहिल्यांदाच तोंडाने. ह्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नको. चिठ्ठीचं काय ते सांग. पण हे नको." ज्या माणसाने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही, त्याचा आवाज आज फुटला होता. माझ्यासाठी घाबरलेत. माझा सगळा राग तिथेच संपला.

बुधवार, १४ एप्रिल

परवाना सकाळी दहाला आला. मिरवणूक निघाली. निळं कापड कमी पडलं, लेझीम मात्र छान. बंदोबस्ताला फौजदार स्वतः.

विहाराच्या पायरीशी मला बाजूला घेतलं. तिशीचेही नसतील. दाढी वाढलेली. तंबाखू चोळत होते, तोंडात टाकायचं विसरत होते.

"बाई, प्रांतसाहेबांची चौकशी लागलीय. मी त्यांना सांगणार आहे, फोन आल्यावर मी खात्री केली. पोस्टाला विचारलं. पोस्टाने हो सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणा."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठीचं तुमचं तुम्ही बघा. मला ती हवी नाही, नको नाही. मला तुमचा 'हो' हवाय. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी आधी हवालदार पाठवून पाहिलं असतं."

खरं बोलत होता, हे वाईट. मी म्हणाले, "धूर मी सांगितला साहेब. पाठीत गोळी घाला, असं नव्हतं सांगितलं."

त्याचा चेहरा उतरला. "धूर होता हो. तोंडं बांधलेली. फाडफाड आवाज येत होते. एक जण कोयता घेऊन पळाला."

"तुमच्याकडे?"

 कुणीतरी हाक मारली म्हणून गेला. हाक कुणी मारली नव्हती.

शनिवार, १७ एप्रिल

विभागीय कार्यालयाचं पत्र. 'चौकशीकामी मूळ चिठ्ठी घेऊन दि. २६ रोजी तहसील कचेरीत हजर राहावे. मागणी लेखी प्राप्त झाली असल्याने हरकत नाही.' आली एकदाची लेखी.

सोबत लाखेचं पुडकंही आलं. आज हसू यायला हवं होतं.

तिघांचा हिशेब आता मला दिसतो. भाऊसाहेबांना चिठ्ठी नको. फौजदाराला माझा हो हवा. आणि मला काय हवंय? चिठ्ठी दाखवून शाबासकी घ्यायची आणि तो हो गिळायचा. फौजदार म्हणेलच की विचारलं होतं, पण आलेल्या फोनची चिठ्ठी होत नाही. त्याचा शब्द आणि माझा शब्द. माझ्या शब्दाला बारा वर्षांचा शिक्का आहे. मी नाही म्हणाले तर नाहीच.

आणि मग तो एकटा खोटा ठरेल. दगडू सुटायला मदत होईल. म्हणजे चांगलंच की. असं तीन दिवस स्वतःला पटवते आहे.

गुरुवार, २२ एप्रिल

हौसा आली. पहिल्यांदा डोंगर उतरून. माठातलं पाणी मीच दिलं, प्याली.

"त्येनं पत्र अर्धं ठेवलंय म्हनं तुमच्याकडं. नणंदेला अजून कळवलं न्हाई. पुरं करून टाका."

खणातून काढलं. आम्ही खुशाल आहोत. म्हैस गाभण आहे. या वर्षी राब चांगला रचला आहे. तिसऱ्या ओळीनंतर कोरं. पेन उघडलं आणि मला लिहिताच येईना. खाली मान घालून मी तिला सगळं सांगितलं. घंटा, धूर, हो, एस.टी.

ती ऐकत होती. मला वाटलं शिव्या देईल. हात जोडून तयारच होते मी.

मग म्हणाली, "त्येंनी इचारलं धूर हाय का. तुमी म्हनला, हाय."

"हो."

"कशाचा, ते कोन सांगनार हुतं मग? मी? माज्याकडं फोन हाय?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"आता तरी सांगनार का?"

"सांगितलं तर फौजदार सुटेल, हौसा. म्हणेल, पोस्टाने सांगितलं म्हणून गेलो."

"तो कशानं सुटतो न् कशानं न्हाई ते मला नका शिकवू. तुमी तुमचं सांगा. दगडूभावजी हिकडून तिकडून डाकू ठरला न्हाई पायजे. धूर राबाचा हुता, ह्ये सरकारी मानसानं म्हनाया पायजे. आमी म्हनून म्हनून थकलो."

उठली. पत्र तसंच राहिलं. दारात थांबली, म्हणाली, "त्येला तुमचं अक्षर आवडायचं." आणि गेली. यापेक्षा तिने दगड मारला असता तरी चाललं असतं. पोस्ट बंद करून खूप रडले.

रविवार, २५ एप्रिल

ह्यांनी विचारलं, "ठरलं?" मी म्हणाले, "ठरलं." "चिठ्ठी, धूर, दोन्ही?" "दोन्ही." ह्यांनी माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आणला.  उद्याची पाळी बदलून घेतलीय त्यांनी. सोबत येणार.

सोमवार, २६ एप्रिल. तहसील कचेरी, बाहेरचं बाकडं

११.२० झाले. माझा नंबर दुसरा. वही पिशवीत होती, बसून काय करू म्हणून लिहितेय.

भाऊसाहेब वकिलासोबत व्हरांड्याच्या त्या टोकाला. माझ्याकडे बघत नाहीत. फौजदार गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीच्या गणवेशात. तो मात्र माझ्याकडेच बघतोय. दगडूला आणलंय, हाताला दोर. हौसा वडाखाली वाडीच्या माणसांत. हे पानपट्टीशी उभे, पान न खाता.

चिठ्ठी पाकिटात आहे. पाकिटाला सील केलंय, नव्या लाखेचं. कुणी सांगितलं नव्हतं.

आधी फौजदार आत जाऊन आला. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर टोपी काढून घाम पुसला. भाऊसाहेबांनी त्या दिवशी पुसला होता तसाच.

इथून खिडकीतून डोंगर दिसतो. आज तीन-चार ठिकाणी धूर आहे. कुणाचे कुणाचे राब. एक चपराशीही तिकडे बघत नाही.

प्रांतसाहेबांचा कारकून आत्ता येऊन गेला. भला माणूस, मला सांभाळून घ्यावं म्हणून हळूच म्हणाला, "घाबरू नका बाई. विचारतील तेवढंच सांगायचं. जास्त एक शब्द नको."

विचारलं तेवढंच. पाच तारखेला तेच तर केलं होतं मी.

नाव पुकारलं. वही ह्यांच्याकडे देते.